न लावलेली कमान



दीड महिना इथे काही लिहिलं नाही, तर दोघातिघांनी फोन करून प्रकृतीची चौकशी केली. प्रकृती ठणठणीत आहे. डोक्यात एक विषय घुसला होता आणि तो घुसवणारी आमची नात.

लेकीची मुलगी. ऑस्ट्रेलियात वुलनगाँगला शिकते. तिनं एक दिवस फोटो पाठवला. हिरवा डोंगरकडा, खाली निळाशार समुद्र आणि मधे हवेत एक भलामोठा तिकोनी पंख. पंखाखाली एक माणूस पालथा लटकलेला. खाली लिहिलं होतं, "आज्जी, मी हे शिकणार आहे. आईला अजून सांगितलं नाहीये."

मी तळेगावची. कामशेतच्या डोंगरावरून रंगीबेरंगी छत्र्या घेऊन उडणारी मुलं लोणावळा लोकलमधून पुष्कळदा पाहिली आहेत. म्हटलं, हे तर आमच्याकडेही असतं. तर बाईसाहेबांचं उत्तर आलं, "ते पॅराग्लायडिंग, आज्जी. ती नुसती कापडाची छत्री. हे हँग ग्लायडिंग. ह्याला सांगाडा असतो." (ही मुलगी लहानपणी माझ्या चुका काढायची तेव्हा मला कौतुक वाटायचं. आता तेवढं वाटत नाही.)

ती जागा कुठली विचारलं, तर म्हणाली स्टॅनवेल पार्क, तिथला बाल्ड हिल. मग मात्र मी जरा सावरून बसले. त्याच स्टॅनवेल पार्कच्या किनाऱ्यावर १२ नोव्हेंबर १८९४ रोजी लॉरेन्स हारग्रेव्ह या गृहस्थांनी चार पेटी-पतंग एकाखाली एक बांधून स्वतःला जमिनीपासून सोळा फूट उचलून घेतलं होतं. त्याच वर्षी तिकडे बर्लिनजवळ ओटो लिलिएंथाल आपल्या पंखांसाठी मुद्दाम एक टेकडी उभारत होता. आणि लिलिएंथाल म्हटलं की माझी जुनी ओळख.

एकोणतीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. विमानाचा विषय निघाला की राइट बंधूंच्या आधी पाच मिनिटं मी लिलिएंथालला द्यायची. गोष्ट रंगवून सांगायची. जर्मनीतल्या आंक्लाम गावचा मुलगा, जन्म १८४८ चा. धाकटा भाऊ गुस्ताव्ह आणि तो कुरणातल्या करकोच्यांना तासन् तास न्याहाळत बसायचे. मोठेपणी इंजिनिअर झाला, बर्लिनमध्ये स्वतःचा कारखाना काढला, १८८९ मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावर पुस्तक लिहिलं. आणि १८९१ पासून स्वतः केलेले पंख अंगाला लावून टेकडीवरून वाऱ्याच्या तोंडावर धावत सुटू लागला. विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीतल्या झाडाच्या, लवचीक काठ्या आणि त्यावर ताणलेलं सुती कापड. वजन वीसेक किलो. पहिल्या वर्षी पंचवीसेक मीटर तरंगला, पुढे अडीचशे मीटरपर्यंत गेला. पाच वर्षांत सुमारे दोन हजार उड्डाणं. आणि मग ९ ऑगस्ट १८९६, गोलेनबर्गची टेकडी, वाऱ्याचा झोत, पंधरा मीटरवरून कोसळणं, मान मोडणं, दुसऱ्या दिवशी बर्लिनच्या दवाखान्यात मृत्यू. वय अठ्ठेचाळीस.

इथे मी थांबायची. खडू खाली ठेवायची. आणि त्याचे शेवटचे शब्द सांगायची, की बलिदानं ही करावीच लागतात. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरायची. मला ती शांतता फार आवडायची, हे आज कबूल करते.

(आमचे धाकटे दीर हे वाचून नक्की विचारतील, की आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांचं काय? त्यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवलं ना? भाऊजी, लिलिएंथालचे हवेतले शंभरावर फोटो आहेत, त्याची मापं आहेत, त्याच्याकडून ५०० मार्कांना पंख विकत घेणाऱ्यांची नावं आहेत. तळपद्यांच्या उड्डाणाचा असा एकही समकालीन पुरावा माझ्या पाहण्यात नाही. मिळाला तर पहिली मी लिहीन.)

तर नातीमुळे मी या विषयाकडे पुन्हा वळले आणि इतकी वर्षं वर्गात सांगितलेली गोष्ट तपासायला बसले. दोन गोष्टी कळल्या आणि दोन्हींनी माझी झोप उडवली.

पहिली म्हणजे ते शेवटचे शब्द. त्याच्या थडग्यावर ते कोरलेले आहेत खरे, पण थडग्यावर आहेत म्हणून ते त्याच्या तोंडचे ठरत नाहीत. तो मरताना असं म्हणाला याला अभ्यासक फारसा आधार मानत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. लिलिएंथालने पडण्याचा विचार केलेला होता! त्याने पंखांच्या पुढच्या बाजूला, स्वतःच्या शरीरापुढे, विलोचीच एक लवचीक कमान बसवली होती. प्रेलब्यूगेल म्हणजे धक्का झेलणारी कमान. नाक खाली करून पडलं, तर आधी ती जमिनीला टेकणार, मोडणार आणि मोडता मोडता धक्का स्वतःवर घेणार. ही कागदावरची कल्पना नव्हती. १८९४ मध्ये तो असाच उंचावरून कोसळला होता. कमानीच्या चिंधड्या झाल्या आणि हे महाशय किरकोळ दुखापतीवर उठून उभे राहिले.

९ ऑगस्ट १८९६ ला ती कमान लावलेली नव्हती.

का लावली नव्हती, याची मी पुष्कळ कल्पना करून पाहिली. रविवार होता, हवा छान होती, पंख रोजचेच, टेकडी ओळखीची. दोन हजार वेळा काही झालं नव्हतं... पण कल्पना म्हणजे इतिहास नव्हे, म्हणून हे इथेच सोडते. कमान असती तर तो वाचलाच असता असंही कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण "बलिदान" हा शब्द मी ज्या आवाजात उच्चारायची, तो आवाज मला आता काढता येणार नाही.

२०१६ मध्ये जर्मनीच्या अवकाश-संशोधन केंद्रातल्या लोकांनी त्याच्या आराखड्यांवरून हुबेहूब पंख तयार करून वाऱ्याच्या बोगद्यात तपासले. ते अपेक्षेपेक्षा बरेच स्थिर निघाले. मर्यादा होती ती बेतात. लिलिएंथाल त्या सांगाड्यात दोन्ही हात कोपरापर्यंत अडकवून उभा लटकायचा. म्हणजे छातीपासून वरचा भाग जखडलेला आणि तोल सावरायला हलवायचे ते फक्त पाय. ऑगस्टमधली दुपार, तापलेली जमीन, गरम हवेचा लोट अचानक खालून आला आणि नाक वर उचललं गेलं, तर पाय झुलवून ते किती खाली आणणार? नाक फार वर गेलं की पंखाचा वेग मरतो, वेग मेला की पंखाला धरून ठेवणारी हवाही सुटते.

त्याच्याकडून पंख विकत घेणाऱ्यांत पर्सी पिल्चर नावाचा एक इंग्रज तरुण होता. त्याची हकीकत मी वर्गात कधीच सांगितली नव्हती, कारण मला ती माहीतच नव्हती. त्याने स्वतःचे पंख बनवले, पुढे इंजिन लावलेलं यंत्रही जवळजवळ पुरं केलं. ३० सप्टेंबर १८९९ ला स्टॅनफर्ड हॉल या बड्या वाड्याच्या आवारात ते दाखवायचं ठरलं. पाहुणे मंडळी जमली. पण काही दिवस आधीच इंजिनाचा दांडा तुटला होता. त्यात पाऊस आणि वारा. आता एवढे लोक आलेत, त्यांना तसंच परत कसं पाठवायचं? म्हणून त्याने आपला नेहमीचा, इंजिन नसलेला ग्लायडर काढला. तो पावसात भिजून जड झालेला. घोड्यांनी दोर ओढून वर चढवला. तीसेक फुटांवर शेपटीकडची काठी तुटली. दोन दिवसांनी तो गेला. बत्तिसाव्या वर्षी.

पाहुण्यांचा हिरमोड नको म्हणून! आपल्याकडच्या लग्नकार्यांत हा एक विचार काय काय करवून घेतो ते आपण सगळे जाणतो, पण त्यात असा जीव जात नाही.

राइट बंधूंनी लिलिएंथालचं सारं वाचलं होतं. विल्बर राइटने नंतर हिशेब मांडला की या माणसाने पाच वर्षांत प्रत्यक्ष हवेत काढलेला वेळ जेमतेम पाच तासांचा. पाच तासांच्या सरावावर कोणी सायकलीवरूनही भर रस्त्यात जाणार नाही. त्यांनी शरीर झुलवून तोल सावरायची पद्धत सोडून दिली आणि पंखच पिळण्याची युक्ती काढली. पुढे विमानं आली आणि अंगाला पंख लावून धावणारी माणसं जवळजवळ पन्नास-साठ वर्षं विसरली गेली.

ती परत आली एका पडद्यामुळे. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड या जोडप्याने १९४८ मध्ये स्वयंपाकघराच्या पडद्याच्या कापडातून एक मऊ, घडी होणारा पंख शिवला आणि घरीच पंख्याच्या वाऱ्यावर तपासला. नासाने अवकाशयान परत आणायला तो वापरता येईल का, म्हणून त्यावर कामही केलं. पुढे त्या कामी त्यांनी पॅराशूटच निवडलं. पण त्या पंखाचं चित्र पाहून १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ग्राफ्टन गावच्या जॉन डिकेन्सन यांनी जत्रेतल्या वॉटर-स्कीच्या खेळासाठी एक ग्लायडर बनवला. कापडाऐवजी काय लावलं असेल? केळीचे घड झाकायचं प्लास्टिक! जळगावकरांनी नोंद घ्यावी.

प्लास्टिक गमतीचं, पण डिकेन्सन यांची खरी करामत वेगळीच. त्यांनी माणसाला पंखाच्या मध्याशी एकाच ठिकाणी, लोलकासारखं टांगलं आणि त्याच्यापुढे नळ्यांचा एक त्रिकोण पंखालाच पक्का जोडला. त्रिकोणाची खालची दांडी छातीकडे ओढली की सगळं शरीर पुढे सरकतं, नाक खाली जातं, वेग वाढतो. दांडी ढकलली की उलट. लिलिएंथालला फक्त पाय हलवता येत होते, इथे सबंध माणूस हलतो. आजही माझी नात जो पंख वापरते त्यात हाच त्रिकोण आहे.

२३ मे १९७१ ला, लिलिएंथालच्या १२३ व्या वाढदिवशी, कॅलिफोर्नियात काही हौशी मंडळी बांबू, प्लास्टिक आणि चिकटपट्टीचे पंख घेऊन एका उतारावर जमली आणि या खेळाची लाट आली. लाटेबरोबर मृत्यूही आले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत वर्षाला डझनांनी माणसं मरत होती. त्यातलं एक कारण तर भयंकर होतं. ते जुने सैल शिडाचे पंख सुळकी मारताना एका मर्यादेपुढे गेले, की कापड झेंड्यासारखं नुसतं फडफडू लागायचं. पंखाचा पंखपणाच संपायचा. मग दांडी कितीही ढकला, नाक वर येत नसे. माणूस सरळ जमिनीपर्यंत. पुढे शिडाची मागची कड ठरावीक मर्यादेखाली जाऊच नये म्हणून वरून दोऱ्या आल्या, टोकांशी आधाराच्या काड्या आल्या, शिडात पट्ट्या आल्या. निर्मात्यांनी एकत्र येऊन पंख मोटारीवर बसवून, पळवून तपासायचे नियम केले. अंगावर बांधायचं जास्तीचं पॅराशूट आलं. प्रत्येक दोरीमागे कोणीतरी गेलेलं आहे, त्यांची नावं बहुतेक ठिकाणी नोंदलेलीही नाहीत.

इतकं वाचून झाल्यावर मी नातीला म्हटलं, आता तू मला पंख जोडून दाखव. तिनं एका रविवारी फोन समोर ठेवून सगळं दाखवलं आणि मी वही घेऊन बसले. (तिची आई शेजारीच बसली होती. हो, तिला तोवर सांगितलं होतं. ते प्रकरण इथे लिहिण्यासारखं नाही.)

हा पंख म्हणजे एक लांबलचक पिशवी. पाचसहा मीटरची, तीसेक किलोची. आधी त्रिकोण उभा करायचा. मग पंख दोन्हीकडे हळूहळू उघडायचे, तारा कुठे अडकल्या, पिळल्या नाहीत ना ते पाहत. मग बाकदार पट्ट्या शिडाच्या खणांत एकेक सरकवायच्या, डावीची डावीकडे, उजवीची उजवीकडे. मग आडव्या नळ्या मागे ओढून सगळं ताणायचं, तिथे खीळ घालायची आणि खिळीला सुरक्षेची कडी. शेवटी नाकाशी तारा अडकवायच्या. सावकाश केलं तर अर्धा तास जातो.

आणि मग तपासणी. नाकापासून सुरुवात. नेहमी नाकापासून, नेहमी एकाच दिशेने. प्रत्येक नट, प्रत्येक खीळ नुसती बघायची नाही, हात लावायचा. तारेवरून बोटं फिरवायची, एखादा धागा तुटलाय का, कुठे मुरड पडलीय का. "आणि मधेच कोणी हाक मारली तर?" मी विचारलं. "तर परत नाकापासून," ती म्हणाली. "जिथे सोडलं तिथून नाही, आज्जी. पहिल्यापासून."

यानंतर स्वतःला टांगून पाहायचं. हार्नेस अंगावर चढवायचा, त्याची कडी पंखाच्या मुख्य पट्ट्यात अडकवायची, दुसरा एक जास्तीचा पट्टा असतोच. मित्राने नाक धरायचं आणि आपण जमिनीवरच पालथं लटकून घ्यायचं. दांडी छातीखाली नीट येते का, पाय पट्ट्यांतून गेलेत का. आणि एवढं सगळं झाल्यावरही, धावायच्या अगदी आधी, पंख खांद्यावरून वर उचलायचा, मांडीच्या पट्ट्यांना हिसका बसेपर्यंत. हिसका बसला म्हणजे आपण अडकलेलो आहोत. मगच धावायचं.

"हे दोनदा कशाला?" मी विचारलं. तर ती म्हणाली, मधे माणूस दमतो, वारा पडतो, पाणी प्यायला कडी सोडतो, कोणाशी तरी बोलतो. मग वारा येतो आणि तो धावतो. कडी तशीच सुटलेली.

मला हे खरं वाटेना. स्वतःला अडकवायला कोण विसरेल? पण विसरतात आणि शिकाऊच विसरतात असं नाही. २०१८ मध्ये स्वित्झर्लंडला इंटरलाकेनजवळ एका अनुभवी चालकाने एका प्रवाशाला सोबत घेऊन उड्डाण केलं आणि प्रवाशाची कडी लावायचीच राहिली. तो बिचारा एका हाताने दांडी आणि एका हाताने चालकाला धरून दोन मिनिटं चौदा सेकंद हवेत लोंबकळला. चालकाने एका हाताने ग्लायडर सांभाळत, दुसऱ्या हाताने त्याला धरत खाली आणलं. मनगट मोडलं, दंडाचा स्नायू फाटला, पण वाचला. त्याआधी २०१२ मध्ये कॅनडात अशीच कडी राहिली होती, तिथे ती मुलगी वाचली नाही.

स्वित्झर्लंडचा तो व्हिडिओ मी पाहिला आणि बंद केला आणि मला आमची सहल आठवली.

ही गोष्ट मी घरात कोणालाही सांगितलेली नाही. यजमानांनाही नाही. १९८३ ची डिसेंबरातली सहल, सातवीची मुलं, एसटीची गाडी, प्रतापगड करून परतीचा प्रवास. एकूण बावन्न मुलं. दर थांब्याला गाडी सुटायच्या आधी मी मोजायची. सीटवर हात ठेवून, मोठ्याने, पहिल्यापासून. दोन दिवस एकदाही चुकले नाही. शेवटच्या चहाच्या थांब्यावर अंधार पडला होता, ड्रायव्हरची घाई चालली होती, बरोबरच्या शिक्षकांनी "झाली ना मोजून?" विचारलं आणि मी "हो" म्हटलं. मोजले नव्हते. अर्धी मोजून झाली असताना एका मुलीला उलटी झाली, मी तिच्याकडे गेले आणि परत आल्यावर मला वाटलं की झालंय.

सातआठ किलोमीटरवर एक मुलगा रडत सांगायला आला, की शेजारची जागा रिकामी आहे. गाडी वळवली. तो रस्ता मला आजही पाठ आहे. मुलगा चहाच्या टपरीवर फळीवर बसून ग्लासातलं दूध पीत होता. टपरीवाल्याने त्याला जाऊ दिलं नव्हतं. मला बघून तो रडला नाही. "बाई, मी हाक मारली होती," एवढंच म्हणाला. मुलाच्या घरी आम्ही सांगितलं नाही. शाळेनेही ते तिथेच मिटवलं. मला त्या दिवशी कोणी एक शब्द बोललं नाही आणि पुढची सगळी वर्षं मी सहलीला नेताना मुलं दोनदा मोजली, लोक हसले तरी.

तो मुलगा आता पन्नाशीचा असेल. हे वाचत असेल तर... असो.

मागच्या आठवड्यात नातीचा पुन्हा फोन झाला. आता ती मला देखभालीचं सांगते आणि मला ते फार आवडतं, कारण ते आपल्या घरकामासारखंच आहे. शीड ओलं घडी करायचं नाही, बुरशी धरते. विनाकारण उन्हात पसरून ठेवायचं नाही, उन्हाने धागा कुजतो आणि वरून काही दिसत नाही. समुद्रकाठी उडवलं की गोड्या पाण्याने धुवायचं, नळ्यांत वाळू राहिली की ती आतून खाते. वाकलेली नळी ठोकून सरळ करायची नाही, बदलायची. बाजूच्या तारा चांगल्या दिसत असल्या तरी ठरल्या मुदतीला बदलायच्या. पॅराशूट काही महिन्यांनी उघडून, वाळवून पुन्हा घडी घालायचं. "ते तर कोणी वापरतच नसेल," मी म्हटलं. "म्हणूनच," ती म्हणाली.

सध्या ती छोट्या उतारावर शिकते आहे, बाल्ड हिल अजून लांब आहे. मी विचारलं, मग रविवारी किती उड्डाणं झाली? म्हणाली, "एकही नाही. पंख जोडला, तपासला, टांगून पाहिलं. वारा आडवा होता. दोन तास बसून राहिलो, डबा खाल्ला, मग सगळं सोडून, गुंडाळून घरी आलो."

"वाईट वाटलं?"

"खूप," ती म्हणाली. "पट्ट्या काढताना एक वाकलेली सापडली, ती साच्यावर लावून बघायचीय. आज्जी, मी ठेवू का आता?"